रसूलभाऊंचा घरचा आवाज

राजुऱ्यात रसूलभाऊंच्या घरी कधी आलात, तर खाटेच्या उशाला, खिडकीच्या गजाला तारेनं टांगलेला एक भोंगा तुम्हाला दिसेल. रंग उडालेला, ओठाला पोचा पडलेला, मागचं युनिट काढून घेतलेलं. मित्रांनो, तो मी. घंटेसारखा का टांगलाय, असं विचाराल. तेच सांगायला बसलोय.

पण एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझा सगळा जन्म जाहिरातीत गेला, त्यामुळे वाढवून सांगायची खोड माझ्या पत्र्यातच मुरली आहे. मी जे सांगेन त्यातला पाव भाग वजा करून ऐकत चला. जिथे काहीच वजा करायचं नाही, तिथे मी स्वतःच थांबून सांगेन.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा गरागरा फिरवत, दाबत, त्याचं फूल करतात. तसं माझं झालं. मागच्या बाजूला, मानेच्या भोकावर, एक युनिट आट्यांवर फिरवून बसवलं. त्यात कांद्याच्या सालीएवढा पातळ पडदा असतो. आवाज जन्मतो त्या पडद्यात आणि मोठा होतो माझ्यात. माझं स्वतःचं असं काहीच नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, मित्रांनो. जे येतं ते सगळं बाहेर. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

मला विकत घेतलं देवरावांनी. राजुऱ्यात त्यांचं मंडप डेकोरेशनचं दुकान. त्यांच्या दुकानात मी एकटाच भोंगा होतो, त्यामुळे मी सगळ्यांचा होतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी पुढच्या गाडीवर, गणपतीत मांडवाच्या बांबूवर, ईदला मैदानाच्या कोपऱ्यावर आणि लग्नात नवरदेवाच्या मामाच्या डोक्यावर. मामाच्या डोक्यावर म्हणजे खरोखरच. एकदा खांबावरून पडलो होतो. ओठाचा पोचा तेव्हाचा आहे. मामांना काही झालं नाही, फेटा जाड होता.

रसूलभाऊ तेव्हा साधे ऑटोवाले. गुलाम रसूल त्यांचं पूर्ण नाव. एका हिवाळ्यात झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीनं जाहिरातीसाठी देवरावांकडून मला आणि रसूलभाऊंकडून ऑटो भाड्यानं घेतला. बोलणारा माणूस मात्र ऐन वेळी आलाच नाही. नाटक संध्याकाळी, आणि सकाळचे दहा वाजलेले. देवराव कपाळाला हात लावून बसले. तेव्हा रसूलभाऊंनी माइक उचलला, त्यावर स्वतःचा रुमाल गुंडाळला, घसा खाकरला आणि म्हणाले:

"ऐका हो ऐका! आज आणि फक्त आज! हसता हसता रडाल आणि रडता रडता खुर्चीवरून पडाल! तीन अंकी नाटक, 'सासू आली विमानानं'! ज्याची सासू आली नाई त्यानं या, ज्याची आली त्यानं पळून या!"

चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊन रस्त्यावर आली. देवराव म्हणाले, "रसूलभाऊ, एवढा आवाज आजवर कुठी लपवून ठेवला होता तुम्ही?"

"ऑटोच्या इंजिनखाली दबून राह्यला होता," रसूलभाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून एक झालो. तीस वर्षं. गळा त्यांचा, तोंड माझं. आम्ही नाटकं विकली, सर्कस विकली, टॉकीजमधले सिनेमे विकले, साड्या, मिक्सर, बियाणं, शिकवणीचे वर्ग. पोलिओच्या डोसाची आठवण करून दिली. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून देतात त्या, एका नव्या टपरीच्या उद्घाटनाचीही जाहिरात आम्हीच केली, "दाताले व्यायाम, जिवाले आराम!" म्हणून. ती जाहिरात मला आजही चावते.

चंद्रपुरात परकोटाच्या आत आम्ही हळू बोलायचो, कारण तिथे आवाज भिंतीला आपटून परत यायचा आणि रसूलभाऊंना स्वतःचीच जाहिरात दोनदा ऐकावी लागायची. सिरोंच्याला गेलो की ते तेलुगूत बोलत. त्यांचं तेलुगू ऐकून पलीकडच्या काठावरच्या म्हशी गोदावरी पोहून आल्या होत्या. आणि मूलच्या रस्त्यावर एकदा भर दुपारी वाघ आडवा बसला होता. रसूलभाऊंनी ऑटो थांबवला, माइक उचलला आणि म्हणाले, "वाघोबांना नम्र विनंती, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आपल्यासाठी राखीव आहेत." वाघ उठला, आळस दिला आणि निघून गेला. नाटकाला काही आला नाही. पाव भाग वजा केलात तर वाघाच्या जागी रानडुक्कर उरेल, पण ते बसलं होतं हे खरं.

त्यांचं जाहिरातीचं शास्त्र तीन वाक्यांचं होतं. "लोकाले आधी दचकवाचं. मंग हसवाचं. मंग पत्ता सांगाचा. पत्ता आधी सांगतला तं हसाले कोणी थांबत नाई."

आणि काही ठरलेले नियम होते, कुणी न घातलेले. दवाखाना आला की माइकवर तळहात. शाळेत परीक्षा असली की माइकवर तळहात. ज्या घरासमोर बांबू आणि मडकं दिसे, तिथून ऑटो बंद करून ढकलत न्यायचे, इंजिनचाही आवाज नको म्हणून.

एकच दोष होता माणसात. माइक हातात आला की दुसरा कुठला आवाज निघतच नसे. कुणाच्या निधनाची बातमी फिरवायची असली, तरी तोच दणदणीत सूर: "राजुरा नगरीचे ज्येष्ठ नागरिक! दुपारी ठीक चार वाजता! राहत्या घरून!" देवराव ओरडायचे, "रसूलभाऊ, माणूस मेला का सेल लागला?" रसूलभाऊ खजील व्हायचे, पुन्हा सुरुवात करायचे, आणि पुन्हा सेलच लागायचा.

घरी मात्र त्यांचा आवाज वेगळा होता. खालचा, जरासा घोगरा आणि वाक्य संपताना 'हं' म्हणून अलगद टेकणारा. "रशिदा, पाणी दे, हं." "गुड्डी, जेवून घे, हं." ऑटो अंगणात उभा असायचा आणि मी त्याच्या टपावर, त्यामुळे खिडकीतून मला तो आवाज रोज ऐकू यायचा. रशिदाबाई म्हणजे त्यांची बायको. गुड्डी म्हणजे मुलगी. शाळेच्या पटावर सायमा, घरात गुड्डी.

तो घरचा आवाज माझ्यातून फक्त एकदाच गेला. इथे थांबतो. यातून काही वजा करू नका.

मार्कंड्याची जत्रा होती. वैनगंगेच्या वाळवंटात माणसंच माणसं. देवरावांचा मंडप लागला होता आणि हरवलेल्या-सापडलेल्यांची नावं पुकारायचं काम रसूलभाऊंकडे होतं. सकाळपासून त्यांनी अकरा पोरं, दोन आजोबा आणि एक बकरी ज्याची त्याला मिळवून दिली होती. दुपारी रशिदाबाई धावत आल्या. चप्पल एकाच पायात.

"गुड्डी दिसून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "बांगड्याच्या दुकानासमोर होती. मी हात सोडला अन्..."

गुड्डी पाच वर्षांची होती. पलीकडे नदी होती.

रसूलभाऊंनी माइक उचलला. मी वाट पाहिली, ऐका हो ऐका येईल म्हणून. आलं नाही. आवाज आला तो खालचा, घोगरा, अंगणातल्या खिडकीतला.

"गुड्डी बेटा. मी अब्बा बोलून राह्यलो. रडू नको. जिथी उभी हायेस तिथीच राह. मी येऊन राह्यलो, हं."

एवढंच. माइक टाकून ते पळाले. नाव सांगितलं नाही, वय नाही, फ्रॉकचा रंग नाही, कुठे आणून द्यायचं तेही नाही. तीन वाक्यांच्या शास्त्रातलं एकही वाक्य नाही. मग देवरावांनी माइक घेतला आणि म्हणाले, "पिवळा फ्रॉक, पाच वर्षं, सायमा गुलाम रसूल."

सापडली. नदीच्या दिशेनं बरीच पुढे, वाळूत, भर उन्हात उभी. तिथल्या एका बाईनं हात धरून सावलीत न्यायचा प्रयत्न केला, तर हलेना. म्हणाली, "अब्बानं इथीच उभी राहाले सांगतलं." पाय भाजले होते वाळूनं.

जत्रेत हजारो लोकांनी तो आवाज ऐकला. कुणीच तो साठवून ठेवला नाही. मी तर नाहीच. सांगितलं ना, माझ्या पोटात काही राहत नाही.

गुड्डी मोठी झाली. शाळेतून येऊन ऑटोत बसायची, बापाच्या जाहिरातींना यमकं जुळवून द्यायची. पुढे शिकायला नागपूरला गेली, मग पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत लागली. पगारी नोकरीत माणसं जाहिराती सुचवत बसतात, हे देवरावांना कधीच पटलं नाही.

इकडे आमचं काम कमी होत गेलं. आधी पेनड्राइव्ह आला. एकदा बोलून ठेवायचं आणि दिवसभर तेच फिरवायचं. मग फ्लेक्स आले, मग मोबाइल. गुणवंतराव म्हणून टीव्ही-फ्रिजचे दुकानदार होते, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एका दिवाळीला त्यांनी आम्हाला बोलावलंच नाही. रसूलभाऊ विचारायला गेले, तर गुणवंतरावांनी मोबाइल दाखवला. त्यांचा पुतण्या फ्रिजसमोर नाचत होता. "वीस हजार लोकायनं पाह्यलं, रसूलभाऊ."

"अन् फ्रिज घेतला किती जणायनं?"

"नाच पाह्यला ना."

सुटीत सायमा आली की अंगणात बाप-लेकीची जुंपायची. मी टपावरून ऐकायचो.

"अब्बा, आता जाहिरात ओरडत नाही. कानात कुजबुजते. तुम्ही बूट पाह्यले का, बूट तुमच्यामागं चार दिवस फिरतात."

"मंग ते जाहिरात नाई, ते उधारीवाला हाय."

"आणि पाच सेकंदांत पकडावं लागतं. नाही तर लोक स्किप करतात."

"स्किप म्हणजे?"

"बटण दाबायचं, जाहिरात गायब."

रसूलभाऊ माझ्याकडे बोट दाखवून हसले. "याले करून दाखव म्हना स्किप. ऑटो चौकातून हालेपर्यंत मुख्यमंत्र्याचीही सुटका नाई."

ती हसली. मग म्हणाली, "अब्बा, तुमच्यासारखा आवाज आमच्याकडं एकाचाही नाही. सगळे सारखेच बोलतात, गोडगोड." तिच्या तोंडून हे ऐकून त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि खर्र्याची पुडी सोडली.

खर्रा त्यांनी तीस वर्षं चघळला. आवाज खुलतो म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यानंतर आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की गाठ आहे आणि स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

सायमा दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली, पाठीवर पिशवी आणि पिशवीत लॅपटॉप.

"अम्मी, रडू नको," ती म्हणाली. "आमच्याकडं आता मशीन आहे. अब्बांचा तासभर आवाज तिला ऐकवायचा. मग अब्बा मोबाइलवर जे लिहितील ते मशीन त्यांच्याच आवाजात बोलेल. हुबेहूब. आवाज कुठंच जाणार नाही."

रशिदाबाईंनी डोळे पुसले. "घरातला आवाज? जो आपल्याशी बोलतात तो?"

"तोच, अम्मी."

देवरावांनी मला ऑटोवरून उतरवलं आणि युनिट दुकानात नेलं. माझं काम संपलंच होतं. मला त्याच खोलीतल्या कपाटावर ठेवलं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. सायमानं खिडक्यांवर गाद्या टेकवल्या, दारावर रजई लावली. टेबलावर छोटासा माइक, लिमलेटच्या गोळीएवढा लाल दिवा. म्हणाली, "अब्बा, अम्मीशी बोलता तसं बोला. बाजारातून काय आणायचं ते सांगा."

लाल दिवा लागला. रसूलभाऊंनी खिशातून रुमाल काढून माइकला गुंडाळला.

"ऐका हो ऐका! रशिदाबेगम यांना कळवण्यात येते! बाजारातून आणायची आहे कोथिंबीर! आज आणि फक्त आज!"

सायमा हसून लोळली. रशिदाबाईही हसल्या. "अब्बा, असं नाही ना. घरच्यासारखं."

"बरं, बरं." दिवा लागला. "कोथिंबिरीची एकच जुडी! त्वरा करा!"

घसा बसलेला असूनही माइक दिसला की कुठून बळ यायचं कोण जाणे. तिनं त्यांना पुस्तकातला धडा वाचायला दिला, त्यांनी तो विकला. आपल्या लग्नाची गोष्ट सांगा म्हणाली, त्यांनी लग्नाचं नाटक करून तीन अंक जाहीर केले. आणि प्रत्येक वेळी घसा धरून खोकत बसायचे.

तेव्हा सायमा जे म्हणाली ते बरोबरच होतं, मित्रांनो. कुणीही तेच म्हणालं असतं. "अब्बा, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं आहे. उरलेला आवाज वाया घालवू नका. माइक लागला की बोला, एरवी गप्प बसा."

घरानं तो हुकूम पाळला. रसूलभाऊंनी पाण्यासाठी तोंड उघडलं की रशिदाबाई बोट ओठांवर ठेवायच्या. "बोलू नका. गुड्डीच्या माइकसाठी राखून ठेवा." ते हातानं खुणा करायचे. भाजीत मीठ कमी आहे हे भुवईनं सांगायचे. देवराव भेटायला यायचे आणि एकटेच बोलून जायचे. चौदा दिवस त्या घरात 'हं' कुणी ऐकलं नाही. जो आवाज वाचवायचा होता तो गप्प बसला, आणि जो वाचवायची गरज नव्हती तो तेवढा माइकमध्ये जात राहिला.

मी वरून पाहत होतो. मला दोन्ही आवाज माहीत होते. सांगणार कसा? मला बोलायला दुसऱ्याचा गळा लागतो.

सायमाला कळत नव्हतं असं नाही. तिनं जेवताना उशीखाली मोबाइल चालू करून ठेवून पाहिला. त्यात फक्त चावल्याचा आवाज आला. शेवटच्या दिवशी लॅपटॉप मिटताना ती म्हणाली, "होईल. मशीन हळू करून घेईल."

ऑपरेशन झालं. रसूलभाऊ घरी आले तेव्हा गळ्याच्या खड्ड्यात एक भोक होतं, त्यावर पांढरा रुमाल. श्वास तिथून. अंगणात शेजारी जमले होते. सायमानं त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी एका बोटानं, सावकाश, काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं.

"रशिदा!! पाणी दे!!"

आवाज अगदी त्यांचाच होता. समोरच्या टपरीवरची दोन माणसं कप घेऊन बाहेर आली. देवराव म्हणाले, "पाणी द्या हो बाई, स्टॉक संपेपर्यंतच हाय," आणि सगळं अंगण हसलं. रसूलभाऊही हसले, बिनआवाजाचे, खांदे हलवत. रशिदाबाई हसता हसता पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढचे दिवस तसेच गेले. "दवाई झाली!!" "दार लाव!! दार लाव!!" सायमा रोज पुण्याच्या माणसांशी बोलायची, हळू करायची, बारीक करायची. आवाज लहान व्हायचा, पण सूर तोच, लांब उभ्या असलेल्या माणसाला सेल सांगावा तसा. शेवटी तिनं वाक्याला मुद्दाम 'हं' जोडून पाहिलं. मशीननं 'हं' असं म्हटलं, जणू त्यावर सूट आहे.

एका दुपारी त्यांनी लिहिलं, "रशिदा, तू दमली असशील." मोबाइल गरजला. रशिदाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. "हा चौकातल्या लोकायचा आवाज हाय. तीस वर्षं त्यायनंच ऐकला. मले माह्या घरचा पाह्यजे."

रसूलभाऊंनी मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला. पुन्हा उचलला नाही.

सायमानं मग सगळीकडे शोधलं. जुन्या लग्नांच्या कॅसेटी पाहिल्या. प्रत्येक लग्नात बाप माइक धरून उभा. त्यांनी तिला पाठवलेले व्हॉट्सॲपचे निरोप ऐकले, मोबाइल तोंडाशी धरला की तेच, "पुणे निवासी कुमारी सायमा यांना कळवण्यात येते!" तेव्हा ती प्रत्येक निरोपावर हसली होती. शेवटी देवरावांकडे गेली.

"काका, मार्कंड्याच्या जत्रेतलं काही? कुणी रेकॉर्ड केलं असेल?"

देवराव म्हणाले, "नाई बेटा. तेवढाच एक दिवस तो खरा बोलला माइकवर. अन् मले वाटलं, याचं काय ठेवाचं, हा तं रोजच बोलते घरी."

ती घरी आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अम्मी, मीच गप्प बसवलं त्यांना."

त्यानंतर रशिदाबाईंनीच मला कपाटावरून काढलं, पुसलं आणि तारेनं गजाला टांगलं. खाटेशेजारी एक चमचा ठेवला. एक टोला म्हणजे पाणी. दोन म्हणजे इकडे ये. जन्मभर मी त्यांचा आवाज मोठा केला, आता मी त्यांची घंटा आहे. रसूलभाऊ फार हळू वाजवतात मला. चौकात ज्यांनी आभाळ हलवलं, ते चमचा असा टेकवतात, जणू माझ्यासमोर शाळेत परीक्षा चालू आहे.

सायमा पुण्याला परत जायच्या दिवसाची गोष्ट. पिशवी भरून झाली होती. रसूलभाऊ अंगणात, शेवग्याखाली खुर्चीवर, पाठ करून बसले होते. चमचा त्यांच्या खिशात. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझ्या मानेचं भोक, जिथे युनिट असायचं, तिथे तिनं तोंड आणलं. ना माइक, ना बॅटरी. नुसता गळा. आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली:

"अब्बा. मी गुड्डी बोलून राह्यली. रडू नका. जिथी हाय तिथीच राहा. मी येऊन राह्यली, हं."

इथे मला थाप मारता आली असती, मित्रांनो. म्हणता आलं असतं की त्या क्षणी माझ्यातून हुबेहूब रसूलभाऊंचा घरचा आवाज निघाला. जाहिरात म्हणून छान झालं असतं. पण तसं झालं नाही. तो तिचाच आवाज होता, बारीक आणि रडून जड झालेला. त्यांचा गेला तो गेला. फक्त ते 'हं' तिनं जसं टेकवलं, तसं ते टेकवायचे. मशीनला ते जमलं नव्हतं. यातूनही काही वजा करू नका.

रसूलभाऊ वळले नाहीत. त्यांचे खांदे हलले, त्या दिवशी हसताना हलले होते तसेच, पण हे हसणं नव्हतं. मग त्यांनी खिशातून चमचा काढला. मी लांब होतो, म्हणून त्यांनी तो खुर्चीच्या लोखंडी हातावर टेकवला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

दोन म्हणजे इकडे ये.

ती त्यांच्याजवळ गेली. तिची बस सुटली, दुसरी पकडावी लागली.

तर मित्रांनो, मी साधा पत्रा आहे, माझं ऐकायलाच हवं असं नाही. पण तुमच्या घरी कुणीतरी आत्ता काहीतरी साधं बोलत असेल. दूध उतू जाईल म्हणत असेल, चप्पल नीट ठेव म्हणत असेल. तुम्ही कानात ती मोबाइलची बोंडं घालून नाच पाहत असाल. ती बोंडं काढा. त्यांना माइक देऊ नका, दिवा लावू नका, नीट बोला म्हणू नका. नुसतं ऐका, जमलं तर त्यांच्या नकळत थोडं साठवून ठेवा, आणि कुणाला आवाज राखून ठेवायला तर कधीच सांगू नका.

थांबा. टण् झालं. एकच. रशिदाबाई माठाकडे निघाल्या आहेत. लांबून म्हणतायत, "आली, हं."